न दिसणारं जहाज गेलं, हे कशावरून

दामू, तुझं जहाज अजून वरोरच्या खाडीवर उभं आहे. तू त्याला तिथं आणून ठेवलंस आणि निघून गेलास.

तुझ्याबद्दल बाकीच्यांनी लिहिलंय. जन्म, नोकरी, छापून आलेल्या गोष्टी, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ तू नव्हतास, पण गेलेल्या माणसाला तसं म्हणतात. नीता म्हणाली, मोठी आई, बाबांची शेवटची गोष्ट दिवाळी अंकात येतेय, तिच्या शेजारी तू लिही. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली. ती म्हणाली, पण बाबा भांडायचे ते तुझ्याशीच. हे खरं आहे, म्हणून लिहिते. लिहिते तुला, पण वाचणार दुसरेच आहेत. तेव्हा तुला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागेल. मध्ये बोलू नकोस.

गोष्ट अशी. कुठल्याशा ताऱ्यावरून एक जहाज येतं आणि आपल्या खाडीवर, ताडांच्या शेंड्यांहून जरा वर, थांबतं. ते दिसत नाही. उजेड त्याच्यावर आला की ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तसा वळून पलीकडे जातो. बघणाऱ्याला मागचं आकाशच दिसतं. तरी खालच्या लोकांना ते आहे हे कळतं आणि ते भीतीनं समुद्रात होड्या काढायचं थांबवतात. मग एका सकाळी त्यांना वाटतं, गेलं असावं. इथं तू थांबलास. होड्या काढायच्या की नाही, ते लिहिलंच नाहीस. किती दिवाळ्या आल्या आणि गेल्या, तुझी माणसं किनाऱ्यावर उभीच. आता अंकवाल्यांना शेवट हवाय आणि नीता मला विचारतेय. शेवट तू फक्त मला सांगितलास. तोही मला न पटणारा.

ही सगळी भानगड दवापासून सुरू झाली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू शाळेत जात होतास. थंडीत जमिनीवर जवळा सुकायला पसरलेला असायचा. सकाळी उठून तो दवानं भिजलाय का ते बघायचं काम तुझं. उघड्यावरचा ओला, उपड्या होडीच्या कडेखालचा कोरडा. नुसतं जाळं वर टांगलेलं असलं तरी त्याच्या खालचा कमी ओला. तू विचारायचास, असं का. सासरे म्हणायचे, दव वरून पडतं, वर काही असलं तर अडतं. एवढं पुरेसं होतं. मला अजूनही पुरेसं आहे. तू मात्र रेल्वेत लागल्यावर कुठल्याशा पुस्तकात वाचून आलास आणि सगळ्यांना सांगत सुटलास की दव वरून पडत नाही. रात्री जमीन आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन टाकते, गार पडते आणि हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. वर काही असलं की ते जमिनीची ऊब जमिनीलाच परत देतं, म्हणून खाली कोरडं राहतं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं, मग जवळा कोरडा राहील असं काही वाचलंस का?

डहाणू रोडला तू सिग्नलच्या केबिनमध्ये होतास. गाडी गेली की खिडकीत उभं राहून शेवटच्या डब्याची पाटी बघायची, मागची मोठी फुली बघायची, ती दिसली की मास्तरांना कळवायचं. मग मास्तर मागच्या स्टेशनाला लाइन क्लिअर, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी, देणार. गाडी डोळ्यांसमोरून धाडधाड गेली तरी ती गेली असं धरायचं नाही. मधूनच तुटून चार डबे मागे राहिले असले तर? शेवटचा डबा दिसला नाही तर रूळ मोकळा नाही, असा नियम. चांगला नियम आहे. फक्त तू तो केबिनमधून घरी आणलास. पाहुणे गेले तरी रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन बघून यायचास. तुझा भाऊ म्हणायचा, ह्याला सासरची माणसंसुद्धा मालगाडीच वाटतात.

तुझा भाऊ म्हणजे हरी, माझा नवरा. आपली होडी डागडुजीसाठी वर ओढलेली होती म्हणून तो चुलत्याच्या होडीवर गेला. ती होडी परत आली नाही. वादळ नव्हतं. इतर होड्यांनी शोधलं, वर गुजरातेकडे निरोप गेले, कुणाला फळीसुद्धा मिळाली नाही. सासूबाई विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस बोलल्या. तो फेडायची वेळ आली नाही.

लोकांनी बरीच वाट बघितली, मीही बघितली. मग मी म्हटलं, दर्भाचा पुतळा करा आणि विधी उरकून घ्या. सासरे हो म्हणाले. तू नाही म्हणालास. धाकटा भाऊ म्हणून तू बसायचं होतंस, तर तू त्या दिवशी डब्यात भाकरी घेऊन ड्युटीवर निघालास. दारात मी अडवलं. तुझं म्हणणं होतं, कुणी पाहिलंय का? मी म्हटलं, समुद्रात कोण पाहणार?

“शेवटचा डबा बघितल्याशिवाय मी लाइन क्लिअर देत नाही, वहिनी.”

“मग तू देऊ नकोस. मी देते.”

तू गेलास. विधीला चुलतभाऊ बसला. पुढच्या आठवड्यात आपली होडी डांबर लावून तयार झाली. तू म्हणत होतास, हरीदादाची होडी हरीदादा आल्यावर निघेल. मी माझ्या भावाला बोलावलं आणि किनाऱ्यावर उभं राहून सांगितलं, होडी काढा. निघाली. घरात खाणारी तोंडं होती, त्यांना केबिनचे नियम माहीत नव्हते. ते मी बरोबर केलं असं तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. तू त्यावर पुन्हा कधी बोलला नाहीस. पुढे तू अवकाशातल्या गोष्टी लिहायला लागलास.

सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं, वेळ जातो. सुट्टीच्या दिवशी तू वरोरला यायचास, मी सुकत घालायच्या बोंबलांचे जबडे एकात एक अडकवत बसलेली असायची, तू उपड्या पाटीवर बसून वाचून दाखवायचास. तुझ्या सगळ्या गोष्टींत एक न दिसणारं जहाज असायचंच. मी विचारलं, इतकी अक्कल असलेली माणसं आपल्या वरोरला कशाला येतील? तू म्हणालास, सुक्या बोंबलाचा वास तिथपर्यंत गेला असेल.

मी म्हटलं, सावलीवरून ओळखू. तू हसलास. उजेड वळसा घालून पुढे गेला तर सावली कसली? तुझं बरोबर होतं. मग तूच सांगितलंस की या युक्तीत एक गोम आहे. उजेड बाहेरच्या बाहेर वळला तर आतल्यांच्या डोळ्यांपर्यंत काहीच पोचत नाही. लपायचं म्हणजे आंधळं व्हायचं.

“मग असे आंधळे इतक्या लांबून काय बघायला आले?”

“मधून मधून एक डोळा बाहेर काढतात.”

“चिखलातल्या निवटी मासळीसारखा.”

“तसाच. आणि बरीचशी जहाजं तेव्हाच सापडतात.”

उबेची गोष्ट मला सगळ्यात पटली. जहाजात यंत्रं आहेत, माणसं आहेत, म्हणजे ऊब आहे. वर अवकाशात वारा नाही, पाणी नाही, ऊब वाहून न्यायला कुणी नाही. तेव्हा ती अंगावरून बाहेर फेकायची, नाहीतर आत साठवायची. साठवली तर झाकण ठेवलेल्या टोपासारखं होणार, आतले शिजणार. फेकली तर भोवतीच्या एवढ्या थंडीत ती उठून दिसणार. डोळ्याला नाही, पण ऊब बघणारी दुर्बीण असते तिला. मी म्हटलं, आपल्याकडे पाठ करून पलीकडे फेकतील. तू म्हणालास, मग पलीकडे जो उभा असेल त्याला दिसेल. म्हणून एकट्यानं पहारा करू नये, दोघांनी लांब लांब उभं राहावं. शिवाय पुढे जायचं तर मागे काहीतरी फेकावं लागतं, होडी पाणी मागे लोटते तसं, तोही माग राहतो.

रुळांचंही तू सांगायचास. रुळांतून बारीकशी वीज सोडलेली असते. गाडी आली की ती चाकांतूनच मागे फिरते, पुढे पोचत नाही. पोचली नाही की सिग्नल लाल. म्हणजे गाडी आली हे गाडीकडे बघून कळत नाही, यायला हवं होतं ते आलं नाही यावरून कळतं. जहाज तसंच शोधायचं, तू म्हणायचास. जहाज बघू नका, जे नेहमी येतं आणि आज आलं नाही ते बघा. म्हणून मग गोष्टीत दव आणलंस. उजेड वळवता येईल, पण त्यांची ऊब खाली येणार, आणि जहाजाखाली दव धरणार नाही. सकाळी बायका जवळा बघायला जातात, तर मधल्या मध्ये एक मोठी कोरडी जागा. वर काहीही नाही. तिथून गावाला कळतं. हे तू झकास लिहिलंस. तेव्हा मी तसं बोलले नव्हते, कारण बोलले असते तर तू आणखी दोन पानं वाचून दाखवली असतीस.

मग टेम्पोचा प्रकार झाला. तू नुकताच निवृत्त झाला होतास. थंडीत वरोरला राहायला आलेला, आणि एका सकाळी आरडाओरडा करत मला बोलवायला आलास. बोंबलाच्या मांडवाशेजारी सगळी जमीन दवानं ओली आणि मध्ये एक चौकोन कोरडा ठणठणीत. तू कुणाला त्यावर पाय ठेवू देईनास. त्याच्याभोवती फिरत होतास आणि वर आकाशाकडे बघत होतास, या वयात. शेजारची जमनी टोपली घेऊन आली, तिनं जरा वेळ तुला बघून घेतलं.

“दामूभाऊ, बर्फाचा टेम्पो लागलेला रातच्याला. पाटेच्या पारी गेला.”

बायका अशा हसल्या की एकीची टोपली सांडली. जमनी म्हणाली, बर्फ घेऊन ताऱ्यांवर जायचा असेल, भाडं विचारून ठेवते. तू चिडला नाहीस, हे तुझं चांगलं होतं. म्हणालास, हसा, पण टेम्पो गेला तरी त्याची जागा सांगतेय ना?

मला वाटलं, चला, तुझी गोष्ट सुटली. मी चहा ठेवला आणि सांगितलं, जहाज आहे तोवर खाली कोरडं, गेलं की दव धरणार. दव धरलं की होड्या काढायच्या, संपव. तू म्हणालास, ढग असले, वारा असला तरी दव धरत नाही, म्हणजे कोरडी जमीन खोटं बोलू शकते.

“ओली तर नाही बोलणार?”

“बोलेल. ऊब आत साठवून कळ काढत बसले असतील तर खाली दव धरेल. आपण म्हणू गेले, आणि ते तिथंच.”

“शिजतील म्हणालास ना?”

“कधी शिजतील ते आपल्याला माहीत नाही, वहिनी.”

“म्हणजे होड्या कायमच्या वर.”

तू बशीत चहा ओतलास आणि प्यायला नाहीस. आपण कुठल्या होडीबद्दल बोलतोय ते दोघांनाही माहीत होतं. जहाज आलं हे ओळखायच्या तुझ्याकडे ढीगभर युक्त्या होत्या. गेलं हे ओळखायची एकही नव्हती. माझ्याकडेही नव्हती, पण मला त्यानं अडत नव्हतं. माझं म्हणणं, कळलं नाही तरी कधीतरी कुणीतरी सांगावं लागतं की आता काढा. तुझं म्हणणं, सांगणारा चुकला तर? चुकला तर चुकला. हा वाद तिथंच राहिला. तू तलासरीला नीताकडे राहायला गेलास तरी एसटीनं डहाणू गाठून वरोरला यायचास, आणि दोन घास पोटात गेले की पुन्हा सुरू. मध्येच म्हणायचास, नीताच्या अंगणात दव छान धरतं, पण बोंबील नाहीत म्हणून कुणी बघत नाही. तिला शाळेत जायची घाई.

डहाणूच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा मी दुपारची गाडी धरून यायची. तू बारीक झाला होतास, पण तोंड चालू होतं. एका दुपारी नीता औषधं आणायला खाली गेली आणि तू म्हणालास, वहिनी, शेवट सापडला. जहाज निघताना आपलं लपणं काढून टाकतं. एक क्षणभर. सगळ्या गावाला ते मागून दिसतं आणि मग जातं.

“ते कशाला असं करतील?”

“खालच्यांना कळावं म्हणून. त्यांनाही दिसत असेल ना की आपल्यामुळं होड्या वर ओढलेल्या आहेत. गार्ड शेवटच्या डब्यातून झेंडा दाखवतो तसं.”

मला ते पटलं नाही. इतके दिवस जो ऊब गिळून लपून बसला तो जाताना हात हलवेल, हे कुठलं शास्त्र? मी तसं म्हटलं. आणि म्हटलं, “तुझ्या भावानं हलवला का?”

इतक्या वर्षांत मी हरीला आपल्या वादात आणलं नव्हतं. नीता परत आली, तिनं औषध दिलं, तू घेतलंस. मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली, तेव्हा तू बोललास.

“त्याला हलवता आला नसेल. माझ्या गोष्टीत हलवतील.”

मी पिशवी घेऊन निघाले. पुढच्या खेपेला तू बोलण्याच्या पलीकडे होतास. विचारशील तर एवढंच सांगते, की तू त्या दिवशी भाकरीचा डबा घेऊन ड्युटीवर का गेलास ते मला त्या वाक्यानं कळलं. आधी वाटायचं, तू माझ्यावर रागावून गेलास. हरीनं निरोप दिला नव्हता, म्हणून तू त्याला निरोप द्यायला बसला नाहीस.

तुझं सगळं डोळ्यांसमोर झालं. शोधायला जावं लागलं नाही, पुतळा करावा लागला नाही. तुला डहाणूहून वरोरला आणलं, अंघोळ घातली, तुझ्या कपाळावर हात ठेवला तेव्हा ते गार होतं. ऊब कुठं जाते ते तूच सांगितलेलं. बायका वळणाच्या पुढे जात नाहीत, म्हणून मी वळणावर थांबले. तू पुढे गेलास, मागे माणसं. सगळ्यात शेवटी जमनीचा मुलगा होता, पांढरा सदरा, चप्पल हातात. तो दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले. जमनी म्हणाली, चल आता घरी. मी म्हटलं, थांब, नियम आहे. तिला काही कळलं नाही. मग मी घरी आले.

आता शेवटाचं. नीता परवा तलासरीहून आली, पानं पुढे ठेवली आणि विचारलं, मोठी आई, जहाजाचं काय करायचं? माझ्या मनासारखं लिहायचं तर दव धरलं आणि लोकांनी होड्या काढल्या, एवढंच. ते मी सांगितलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण जहाज तुझं आहे. मी सांगितलं, लिही, ते जाताना दिसतं.

“कसं दिसतं?”

ते तू सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, मागून. येताना कोण बघतं, मागची बाजू दिसली पाहिजे. तिथं एक दिवा लाव आणि मोठी फुली काढ, म्हणजे पुरं. तिनं तसं लिहिलं. सकाळ, ओला जवळा, खाडीवर जहाज उघडं पडतं, सगळं गाव वर बघतं, फुली लहान होत होत जाते. तिनं ते वाचून दाखवलं.

त्याच्या पुढे मी एक वाक्य घालायला लावलंय. किनाऱ्यावरची एक बाई म्हणते, “होड्या काढा.” नीता म्हणाली, बाबांनी हे ठेवलं नसतं. मला माहीत आहे. तू म्हणाला असतास की सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, आता सांगायला बाई कशाला हवी? मी म्हटलं असतं, तरीही कुणीतरी सांगावंच लागतं. तू खोडलं असतंस, मी परत घालायला लावलं असतं, आणि चहा गार झाला असता.

पानं दोन दिवस माझ्याकडे होती. मी ती मुद्दाम, तू आलास की बसायचास त्या खिडकीत, पेन वर ठेवून, तशीच ठेवली. का ते विचारू नकोस. वळणावर उभी असताना मला काही विशेष वाटलं नव्हतं, नियम पुरा केला एवढंच. काल नीता पानं न्यायला आली, तेव्हा मी शेवटचं पान काढून बघितलं.

वाक्य तसंच होतं. कुणी खोडलं नव्हतं.